मुलाचे घर आणि आपली वाडी

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण. बोलण्याच्या ओघात राहून गेलेल्या दोन-चार गोष्टी लिहिताना घातल्या आहेत.)



आज मला येथे बोलावयास उभे केले याचे माझ्यापेक्षा माझ्या घरच्यांनाच अधिक आश्चर्य वाटले आहे. मी सातवीपर्यंत शिकलेली बाई. शाळा सुटली त्याला तीस वर्षे होऊन गेली आणि तेव्हापासून चार माणसांपुढे बोलण्याचा प्रसंग आला तो उखाण्यापुरताच. चिटणीसबाईंनी मला 'स्वच्छ व नीटनेटके स्वयंपाकघर' हा विषय सुचविला होता. तो मी नाकारला. त्या विषयावर बोलण्याचा मला अधिकार उरलेला नाही. का उरला नाही ते पुढे ओघाने येईलच.

मी मागून घेतलेला विषय असा, की नोकरीतून निवृत्त झाल्यावर नवराबायकोने परदेशी मुलाकडे जाऊन राहावे, की आपल्या घरी राहून आपला आवडता छंद चालू ठेवावा.

तुम्ही म्हणाल, कामठ्याला बसून परदेशाच्या गोष्टी कशाला? पण भगिनींनो, विमान आता आपल्या कौलांवरूनच जाते. बिरसीची धावपट्टी दुसऱ्या महायुद्धाच्या काळी इंग्रजांनी बांधली. आमच्या लहानपणी तिचा उपयोग आम्हाला एवढाच ठाऊक होता, की तेथे काहीतरी सरकारी आहे. पुढे तेथे वैमानिक शिकू लागले. २०२२ च्या मार्चात प्रवाशांचे विमान सुरू झाले, ते थोड्याच महिन्यांत थांबले. १ डिसेंबर २०२३ पासून पुन्हा आले. रोवणी करणाऱ्या बाया आता विमान गेले तरी मान वर करीत नाहीत. आणि विमानापेक्षाही जवळची गोष्ट म्हणजे, आपल्या मंडळातच तीन घरे अशी आहेत की ज्यांची मुले समुद्रापलीकडे आहेत. मुले गेली की दहा-पंधरा वर्षांनी आईबापांना बोलावणे येते. ते आमच्या घरी आले, म्हणून मी बोलते आहे. परवानगी माझ्या मोठ्या जाऊबाईंची घेतली आहे. त्या समोरच बसल्या आहेत.

आमचे भासरे जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. अठ्ठावन्न वर्षे पुरी झाल्यावर निवृत्त झाले. त्यांना पेटीचा नाद. गावातल्या भजनात, लग्नात, दंडारीत, कोठेही पेटी लागली की त्यांना बोलावणे. एकुलता मुलगा कॅनडात, टोरांटोजवळच्या मिसिसागा नावाच्या शहरात इंजिनियर आहे. सून तिकडे नोकरी करते, नात लहान. त्याने लिहिले, 'बाबा, आता दोघेही इकडेच या.'

मग आमच्या घरी विचार सुरू झाला. पंधरा दिवस रात्रीची जेवणे झाली की हाच विषय. काय काय मोजले नाही! तिकिटाचे पैसे मोजले. परवान्याच्या अटी मोजल्या. कॅनडा सरकारचा आईबापांसाठी एक खास परवाना आहे, त्याला ते सुपर व्हिसा म्हणतात. तो २०११ च्या अखेरीस सुरू झाला तेव्हा एका वेळी दोन वर्षे राहता येत असे. जुलै २०२२ पासून पाच वर्षे राहता येते. मात्र मुलाची कमाई ठराविक रकमेच्या वर हवी आणि आईबापांचा निदान एक लाख कॅनडी डॉलरचा आजारपणाचा विमा आधी काढलेला हवा, कारण असल्या पाहुण्यांना तेथील सरकारी दवाखान्याची सवलत मिळत नाही. कायमचे राहावयाचे म्हटले तर प्रकरण निराळे. तेथे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे नावे निघतात. २०२० साली ज्यांनी नावे दिली त्यांच्यातूनच पुढे कित्येक वर्षे चिठ्ठ्या काढीत होते. ऑस्ट्रेलियात असलेल्या एका ओळखीच्या मुलाने सांगितले, की तिकडे कमी पैशांच्या रांगेत उभे राहिले तर म्हाताऱ्या आईबापांचा नंबर लागायला तीस वर्षे लागतात. साठीचा माणूस नव्वदीला पोहोचावयाचा, आणि मग मुलाकडे राहावयास जावयाचा. आम्ही हसलो खरे, पण ते हसण्यासारखे नाही.

पेन्शनचे मोजले. दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो, तो परदेशातून कसा द्यावा याची चौकशी केली. गुडघ्यांचे मोजले, थंडीचे मोजले. शेवटी माझे यजमान म्हणाले, 'दादा, तुमच्या पेटीचे काय?' मग त्यावर दोन रात्री गेल्या. पेटी विमानात चालते का, वजन किती, तेथे ऐकणारे कोणी आहेत का. मुलाने लगेच कळविले, की टोरांटोला मराठी भाषिक मंडळ आहे, गणपती होतात, बाबांच्या पेटीवर लोक तुटून पडतील. झाले. पेटीची सोय लागली, तेव्हा जावयाचे ठरले.

या सर्व पंधरा दिवसांत जाऊबाई स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसलेल्या असत. त्यांचा छंद कोणता, हे कोणीच विचारले नाही. मीही विचारले नाही. ज्या गोष्टीला आपण सारे 'वाडीतले काम' म्हणतो, तो त्यांचा छंद असू शकेल हे आमच्या ध्यानातच आले नाही.

त्यांची वाडी तुम्ही पाहिली आहे. घरामागची तेवढीच ती जागा, पण तिच्यात काय नाही? दोडके, पडवळ, अंबाडी, चवळी, मिरचीच्या तीन जाती, पातूर, आणि मांडवावर वाल. वालाचेच पाच प्रकार. एक हिरव्या रुंद शेंगेचा, एक जांभळ्या कडेचा, एक पाऊसकाळाच्या शेवटी लवकर येणारा, एक भाजीपेक्षा डाळीला बरा. आणि पाचवा आमच्या सासूबाईंच्या माहेराहून आलेला, दाणा पांढरा आणि त्यावर तांबडी कड. त्याला आमच्या घरी 'मायचा वाल' म्हणतात. या प्रत्येकाचे बी जाऊबाई दर वर्षी धरीत. मधल्या जोमदार वेलीच्या पहिल्या बहराच्या शेंगा तोडावयाच्या नाहीत, त्या वेलीवरच वाळू द्यावयाच्या. मग उन्हात चार दिवस, मग गाडग्यात राखेत मिसळून, तोंडाला फडके बांधून, चुलीच्या वरच्या फळीवर. लग्न होऊन आले तेव्हापासून मी हे पाहत आले, आणि दर वर्षी मनात म्हणत आले, की बाजारात दहा-वीस रुपयांना पाकीट मिळते, बाईला एवढा खटाटोप काहून करावा?

मे २०२३ मध्ये ते दोघे गेले. जाण्याच्या आदल्या दिवशी जाऊबाईंनी मला पाच गाडगी दाखविली. म्हणाल्या, 'मिरगात लावशील. आणि ही फळीवरून हलवू नको.' त्यांना थोडे बी बरोबर न्यावयाचे होते. मुलाने फोनवरच मना केले. बियाण्याला रोगराई नसल्याचा सरकारी दाखला लागतो आणि माती तर मुळीच नेता येत नाही. पिशवीत काय आहे ते उतरल्यावर खरे सांगावे लागते. हा कायदा मला आधी जुलमी वाटला होता. पण आमच्या एका भाच्याने, तो शेतीच्या कॉलेजात शिकतो, सांगितले की एका देशातली कीड अशा पुरचुंडीतूनच दुसऱ्या देशात जाते आणि तिकडची शेते उजाड करते. तेव्हा कायदा बरोबर आहे. जाऊबाईंनी पदराची गाठ सोडून बी परत गाडग्यात टाकले. पेटी मात्र गेली.

आता तिकडचे सांगते. आधीच सांगते, की त्यांना तेथे दुःख होते असे मी म्हटले तर ते खोटे होईल. सून चांगली आहे. नात दिवसभर आजीला चिकटलेली. जाऊबाई एकट्या बसमध्ये बसावयास शिकल्या, दुकानात कार्डाने पैसे द्यावयास शिकल्या, बर्फात न घसरता चालावयास शिकल्या. येथे त्या गोंदियाच्या बाजाराला सोबतीशिवाय जात नसत. भासऱ्यांचे तर विचारूच नका. दर शनिवारी चार मुले पेटी शिकावयास येऊ लागली. पैसे घेता येत नाहीत, पाहुण्याच्या परवान्यावर कमाई चालत नाही. पण मान मिळे. गणपतीत त्यांची पेटी अशी रंगली की त्याचे चित्र मुलाने आम्हाला फोनवर पाठविले, आणि माझ्या यजमानांनी ते अख्ख्या गावाला दाखविले. आपली माणसे परदेशी गेली तरी मंडळ काढल्यावाचून राहत नाहीत. लंडनचे महाराष्ट्र मंडळ तर १९३२ सालचे आहे. उत्तर अमेरिकेतल्या मंडळांचे मिळून बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ साली झाले. तेव्हा पेटी वाजविणारा, गाणारा, नाटकात काम करणारा माणूस तिकडे उपाशी राहत नाही, हे आम्हाला समजले.

पण वाडीला मंडळ पुरत नाही. मुलाचे घर अकराव्या मजल्यावर. सज्जात जाऊबाईंनी दोन बादल्यांत माती भरली, ती माती सुद्धा दुकानातून विकत आणली. हिंदी लोकांच्या वाणसामानाच्या दुकानात कडवे वाल मिळाले, ते भिजवून लावले. वेल अशी वाढली की कठडा झाकून टाकला. जूनमध्ये तेथे रात्री नऊपर्यंत उजेड असतो. जाऊबाई रोज फोनवर वेल दाखवीत. पान हाताएवढे, पण फूल नाही. जुलै गेला, ऑगस्ट गेला. शेजारच्या सज्जातली एक बाई म्हणाली, शोभेची वेल म्हणून फार छान आहे. जाऊबाईंना तो टोमणा वाटला. बिचारीने कौतुकच केले होते.

याचेही कारण त्या भाच्यानेच सांगितले. जुना गावठी वाल दिवस लहान होऊ लागल्याशिवाय फुलत नाही. आपल्याकडे दसऱ्यानंतर दिवस आखडतो, हवा मात्र उबदार असते, म्हणून संक्रांतीला मांडव शेंगांनी लवतो. टोरांटो पृथ्वीच्या गोलावर आपल्यापेक्षा फार वर आहे. तेथे उन्हाळ्यात दिवस लांबच लांब, आणि दिवस लहान होऊन वेलीला फुलण्याची बुद्धी होते न होते तोच दव गोठते. सप्टेंबरच्या अखेरीस त्या वेलीला चार तुरे आले. ऑक्टोबर सरता सरता एका रात्रीत सगळी वेल उकडलेल्या भाजीसारखी काळी पडली. जाऊबाईंनी त्या दिवशी फोन केला नाही. दुसऱ्या दिवशी केला तेव्हा वेलीचे नाव काढले नाही. सूर्य आता लवकर मावळतो, एवढेच सांगितले.

त्या हिवाळ्यात त्या मला एकदा म्हणाल्या, 'इथे मला सगळे मिळते, पण मला कोणी काही मागत नाही.' मला तेव्हा अर्थ लागला नाही. मी म्हटले, बरेच आहे, विश्रांती मिळते. नंतर विचार केला. आमच्या मागच्या दारी दिवसातून तीन वेळा कोणी ना कोणी उभे असे. कढीपत्त्याची डहाळी द्या, चार मिरच्या द्या, बाळंतिणीसाठी शेपू आहे का, वालाचे दोन दाणे बियाला द्या. जाऊबाई कंटाळल्यासारखे दाखवीत आणि उठत. त्या गेल्यावर दारी येणे हळूहळू थांबले, कारण मी देताना कुरकुर करीत असे.

आता माझे सांगते. येथेच 'नीटनेटके स्वयंपाकघर' येते.

जाऊबाई गेल्या आणि त्या मोठ्या घरात मी एकटी कर्ती झाले. खरे सांगते, मला बरे वाटले. आठ दिवसांत मी चूल काढून टाकली, गॅस होताच. भिंतीला रंग दिला. काळी पडलेली फळी काढून झाकणाचे कपाट केले. गाडगी कपाटात शोभेनात. म्हणून मी पाचही गाडग्यांतले बी चाळून राख फेकून दिली आणि प्लॅस्टिकच्या पाच सुरेख बरण्यांत भरले, घट्ट झाकणाच्या. प्रत्येकीवर कागद चिकटविला. घरी आलेली प्रत्येक बाई 'किती छान' म्हणून गेली. मिरगात पाऊस लांबला, मग पऱ्हे, मग रोवणी, मजूर मिळेनात, माझी कंबर धरली. वाल लावावयाचा राहून गेला. मनात म्हटले, बी कोठे पळून जाते, पुढल्या वर्षी लावू.

एप्रिल २०२४ मध्ये ते दोघे परत आले. दोन वर्षांच्या बेताने गेले होते, अकरा महिन्यांत आले. जाऊबाईंनी पाय धुतले, चहा घेतला, आणि कपाट उघडले. बरण्यांत पीठ होते. पीठ, आणि मेलेले भुंगे. दाण्यादाण्याला भोक. नंतर कळले, की या भुंग्याची अंडी शेंग वेलीवर असतानाच पडतात, ती डोळ्यांना दिसत नाहीत. राखेत असले तर भुंग्याला हालचाल करता येत नाही आणि धुराने तो येतच नाही. मी राख फेकली, धूर बंद केला, आणि वर घट्ट झाकण लावले. चार वाणांपैकी थोडे थोडे दाणे निघाले. मायच्या वालाचा एकही निघाला नाही.

जाऊबाई मला रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरे झाले असते. त्यांनी बरणी उलटी करून पाहिली, पुन्हा सुलटी केली, आणि विचारले, 'कागदावर नाव तू लिहिलेस? अक्षर चांगले आहे.'

त्या दिवसापासून मला एक गोष्ट टोचत राहिली. पेटी फुटली असती तर आम्ही सगळ्या घराने हळहळ केली असती, नागपूरहून दुसरी आणली असती. वालाचे बी गेले तेव्हा माझे यजमान म्हणाले, 'वालच ना? बाजारात मिळतो.' मीही पंचवीस वर्षे हेच म्हणत आले होते. पुरुषाचा छंद दिसतो, कारण तो काम संपवून करावयाचा असतो. बाईचा छंद तिच्या कामातच असतो, म्हणून तो मोजला जात नाही.

घरात पुन्हा परदेशाचा विषय निघाला, कारण भासऱ्यांचे मन शनिवारच्या मुलांत अडकले होते. तेव्हा त्यांनी मारुती चितमपल्ली यांचे उदाहरण दिले. चितमपल्ली सोलापूरचे, जन्म १९३२ चा. वनखात्याच्या नोकरीत आपल्या नवेगावबांधला त्यांनी कित्येक वर्षे काढली, तेथील तळे, पाखरे आणि माणसे त्यांच्या पुस्तकांतून महाराष्ट्राला ठाऊक झाली. निवृत्तीनंतर नागपूरला राहून पक्ष्यांचा कोश केला. अखेरची वर्षे जन्मगावी सोलापूरला काढली आणि १८ जून २०२५ रोजी तेथेच वारले. त्याच वर्षी त्यांना पद्मश्री मिळाली होती. भासरे त्यांचे भक्त आहेत. ते म्हणाले, 'बघ, माणूस सोलापूर, नवेगाव, नागपूर, पुन्हा सोलापूर, असा फिरला. छंद बरोबर गेला. छंद खरा असेल तर तो कोठेही जातो.'

जाऊबाई फार बोलत नाहीत. त्या म्हणाल्या, 'त्यांचे कामही पाखरांचे आणि छंदही पाखरांचाच. कोणी त्यांना म्हटले का, की हे तर तुमचे रोजचेच काम, यात छंद कसला? मग मला काहून म्हणता?'

भासरे गप्प झाले. शिक्षक माणूस गप्प झाला, हे मी प्रथमच पाहिले.

येथे मला राहीबाई पोपेरे यांचे नाव घेतलेच पाहिजे. नगर जिल्ह्यातल्या, आता त्याला अहिल्यानगर म्हणतात, अकोले तालुक्यात कोंभाळणे म्हणून गाव आहे, तेथील आदिवासी बाई. शाळेत गेलेल्या नाहीत. माझी सातवी म्हणजे त्यांच्यापुढे कॉलेजच! घरच्या परसात गावठी बी धरता धरता त्यांनी पन्नासांवर पिकांचे शंभराहून अधिक वाण जमविले, त्यात वालाचे आणि घेवड्याचे कितीतरी. त्यांच्या घरी बियाण्यांची बँक आहे. बी उसने न्यावे आणि पीक आल्यावर अधिक करून परत द्यावे, असा हिशेब. माशेलकरांसारख्या शास्त्रज्ञाने त्यांना बीजमाता म्हटले, २०१८ साली बी.बी.सी.च्या जगातल्या शंभर स्त्रियांच्या यादीत त्यांचे नाव आले, २०२० ची पद्मश्री मिळाली. आमच्या जाऊबाईंना पद्मश्री द्या असे मी म्हणत नाही. पाच वाणांना कोण देतो? पण कोंभाळण्याच्या बाईने केले ते आणि आमच्या मागच्या दारी चालले होते ते, जातीने एकच, हे मला राहीबाईंची माहिती ऐकल्यावर कळले. तशी आपल्या भागाची मातीही काही कमी नाही. १९९९ पर्यंत आपण ज्या भंडारा जिल्ह्यात होतो, त्या भंडाऱ्याच्या चिन्नोर तांदळाला २०२३ साली सरकारी मानांकन मिळाले. बांधीतल्या वाणाला मान मिळाला, कारण बांधी पुरुषांच्या नावावर असते. वाडीतल्या वाणाची नोंद कोणाच्याच कागदावर नाही.

मायचा वाल कसा परत आला ते सांगते. मी पोळ्यापर्यंत आठ गावांना निरोप धाडले. सासूबाईंच्या माहेरी आता सगळे बाजारचे बी. कोठेच मिळेना. एके दिवशी आपल्या मंडळातल्याच एक वयस्कर काकू, त्या येथे बसल्या आहेत आणि नाव घेऊ नको म्हणाल्या आहेत, त्यांनी मला वाटेत हटकले. म्हणाल्या, 'अवं, तांबड्या कडेचा ना? तुझ्या सासूने मला लुगड्याच्या गाठीत बांधून दिला होता, माझी थोरली पोटात होती तेव्हा. माझ्या कुंपणावर दर साल येते.' मी तशीच त्यांच्याबरोबर गेले. कुंपणाला वेल होती. माझ्या घरापासून पावणेदोनशे पावलांवर. मी नंतर मोजली. आणि मी आठ गावे धुंडाळीत होते. त्या वर्षी त्यांच्या वेलीचे बी धरले, पुढल्या मिरगात आमच्या मांडवाखाली लावले, आणि संक्रांतीला आमच्या घरी मायच्या वालाची भाजी झाली. जाऊबाईंनी शेंगा तोडताना मला वेलीला हात लावू दिला, त्या दिवशी मी निर्धास्त झाले.

आता तुम्ही विचाराल, की शेवटी ठरले काय, जावयाचे की राहावयाचे? सरळ उत्तर नाही. एका घरात दोन छंद आहेत, एक विमानात बसतो आणि एक बसत नाही. भासरे एकदा विनोदाने म्हणाले, 'मी पट्टकादंब आणि ही सारस.' तुम्हाला ठाऊक असेल, हिवाळ्यात परसवाड्याच्या, झिलमिलीच्या तळ्यांवर हे पट्टकादंब हिमालय ओलांडून येतात आणि उन्हाळा लागला की परत जातात. सारस मात्र येथलाच. महाराष्ट्रात तो उरला आहे तोही बहुतेक आपल्याच जिल्ह्यात, धानाच्या बांधीत घरटे करतो. त्यावर जाऊबाई म्हणाल्या, 'सारसाची जोडी मोडत नाही म्हणतात. मग एकटा पट्टकादंब कसा होणार?' तो विषय तेथेच हशात बुडाला, पण दोघांच्याही मनातून गेला नाही.

मला विचाराल तर माझे मत असे होते, की पाडवा झाला की जावे आणि मिरगाच्या आत परत यावे. त्या दिवसांत आपल्याकडे वाडी रिकामी असते, विहिरीला पाणी नसते, ऊन सोसवत नाही. आणि तिकडे बर्फ वितळून झाडांना पाने फुटतात. मला ही युक्ती फार पसंत पडली होती. पण नातीला शाळा आहे. तिकडे मोठी सुट्टी जूनच्या अखेरीस लागते आणि सप्टेंबरला संपते. आजी एप्रिलात गेली तर नात दिवसभर शाळेत, आणि नात मोकळी होते तेव्हा इकडे वेलाला आधार द्यावयाचे दिवस. एक तर नात, नाही तर वाल. मी म्हटले, यंदा नातीला इकडे आणा. मुलगा म्हणाला, आम्हाला दोघांना एवढी रजा नाही. कोणाचेच चुकले नाही, आणि तरी जमत नाही, अशा गोष्टी संसारात असतात.

यंदा जाऊबाईंनी नातीच्या बाजूने कौल दिला आहे. नात फोनवर म्हणाली, 'आजी, मला वाल लावून दाखव.' तिच्या शाळेत मुलांना एक वाफा दिला आहे म्हणे. फुले येणार नाहीत हे जाऊबाईंना पक्के ठाऊक आहे. त्यांनी तिला सांगितले, की आपण तिथे त्यांची चवळी लावू, ती दोन महिन्यांत येते. आषाढात जावयाचे आणि दसऱ्याच्या आधी परत यावयाचे, असा बेत आहे. भासऱ्यांना तेवढे शनिवार पुरत नाहीत, पण त्यांनी ते बोलून दाखविले नाही. पेटी या खेपेस येथे ठेवणार आहेत. तेथल्या एका मुलाने स्वतःची घेतली आहे.

राहिला प्रश्न बियांचा. मी म्हटले, जाऊबाई, माझ्याकडे द्या, मी आता राख टाकीन, चूलही पुन्हा घालीन. त्या हसल्या. काही बोलल्या नाहीत. परवा त्यांनी जुन्या लुगड्याच्या चिंध्या फाडून पाचही वाणांच्या आठ-आठ पुरचुंड्या बांधल्या, प्रत्येकीत वीस दाणे, राखेत घोळलेले. त्या पुरचुंड्या त्यांनी आज येथे आणल्या आहेत. कार्यक्रम संपल्यावर ज्या आठजणींची नावे मंडळाच्या वहीत लिहिली आहेत त्यांनी प्रत्येकी पाच घेऊन जाव्यात. पहिल्या पावसानंतर लावावयाच्या, एका वाणापासून दुसरा लांब, आणि पहिल्या बहराच्या शेंगा कितीही मोह झाला तरी तोडावयाच्या नाहीत. माघात वीसाचे चाळीस करून परत आणावयाचे. ज्यांच्या घरी चूल नाही त्यांनी राख आमच्याकडून न्यावी.

यादीत माझे नाव आठवे आहे. मी ते दिले नव्हते. चिटणीसबाईंनी वही दाखविली तेव्हा मी पाहिले, अक्षर जाऊबाईंचे आहे.